नेपाळच्या डोंगरगावात दहा दिवस: नागपूरच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या शाळा-कॉलेजांतली मुलं नेपाळच्या लमजुंग जिल्ह्यातल्या घलेगावसारख्या, गुरुंग समाजाच्या गावात आठ-दहा दिवस राहायला जातात, त्यांच्यासाठी हे पान आहे. ही सहल नाही. मुलं एका घरात राहतात, त्या घराच्या वेळेला उठतात-जेवतात आणि त्या घरच्या कामाला हात लावतात. डोंगराची उंची फारशी कोणाला त्रास देत नाही. अडचण येते ती आपल्या सवयींची, म्हणून खालची बरीच उत्तरं सवयींबद्दलच आहेत.

गाव नेमकं कुठे आहे?

अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर. नागपूर साधारण ३१० मीटरवर आहे, यावरून अंदाज करा. आकाश मोकळं असेल तर अन्नपूर्णा-२, लमजुंग हिमाल आणि मनास्लू अंगणातून दिसतात. दगडी घरं, दगडी पायवाटा आणि उतरंडीसारखी खाली जाणारी शेतं. गाव संपतं तिथे दरी सुरू होते.

पासपोर्ट लागतो का? आधार कार्ड चालेल का?

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्राच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. विमानाने जाणाऱ्याकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं, आधार चालत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना आधारसारखं कोणतंही फोटो ओळखपत्र पुरतं. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं.

सगळ्यात जास्त खोळंबा १८-१९ वर्षांच्या मुलांचा होतो. शाळेच्या प्रमाणपत्राचं वय उलटलेलं असतं आणि मतदार ओळखपत्र अजून काढलेलं नसतं. त्या वयाच्या मुलाने जायचं ठरलं त्याच आठवड्यात अर्ज टाकावा. रस्त्याने जातानाही हीच कागदपत्रं जवळ ठेवा. सीमेवर कोणी विचारलं नाही तरी पुढे सिम कार्ड घेताना आणि परवाना काढताना ती लागतातच. प्रत्येकाजवळ दोन छायाप्रती आणि चार पासपोर्ट आकाराचे फोटो असू द्या.

संरक्षित क्षेत्रात जायला वेगळा प्रवेश परवाना लागतो. सार्क देशांच्या नागरिकांसाठी त्याचं शुल्क १,००० नेपाळी रुपये आहे, म्हणजे आपले ६२५. तो पोखरा, काठमांडू किंवा बेसीशहरला मिळतो.

नागपूरहून जायचं कसं?

लुंबिनीला जाऊन आलेली कुटुंबं नागपुरात गल्लोगल्ली सापडतात. अर्धा रस्ता तोच आहे. राप्तीसागर एक्सप्रेस नागपूरहून थेट गोरखपूरला जाते. प्रवास जवळपास एका दिवसाचा. गोरखपूरहून बस किंवा जीपने सोनौली, साधारण १०० किलोमीटर. पायी सीमा ओलांडली की भैरहवा. इथे किंवा लुंबिनीत मुक्काम कराच. रेल्वेतून उतरलेल्या मुलांना त्याच दिवशी घाटात नेलं तर निम्मी गाडी उलट्या करते.

दुसऱ्या दिवशी बुटवल, नारायणगढ, मुग्लिङ, डुम्रे करत बेसीशहर. पूर्ण दिवस जातो. डुम्रेहून बेसीशहर सुमारे ४३ किलोमीटर. तिसऱ्या सकाळी बेसीशहरहून भाड्याच्या जीपने घलेगाव. कोरड्या दिवसांत दोन-तीन तास धरा. नागपूरहून स्वतःची बस न्यायचा मोह टाळा. सीमेवर तिचा भन्सार म्हणजे जकातीचा कागद करण्यात वेळ जातो आणि शेवटच्या चढाला ती काही कामाची नाही.

गाडी लागणाऱ्याने उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, घाट सुरू झाल्यावर नव्हे. पुढची सीट, थोडी उघडी काच, मोबाईल खिशात.

कोणत्या महिन्यात जावं?

दिवाळीच्या सुट्टीचा उत्तरार्ध सर्वात चांगला. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, भातकापणी सुरू. दसऱ्याच्या आसपास मात्र जाऊ नका. तिकडे तो दशैं, वर्षातला सर्वात मोठा सण. अख्खा नेपाळ घरी निघालेला असतो आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. दिवाळीचे पाच दिवस म्हणजे तिथला तिहार. भाऊबीजेला भाइटीका असते, आदल्या दिवसांत कुत्र्याच्या गळ्यातही झेंडूची माळ पडते. तेव्हा जाता येतं, पण आधी विचारून.

मार्च-एप्रिलमध्ये लालीगुराँस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो, मात्र धुरकट हवेमुळे हिमशिखरं बऱ्याचदा दिसत नाहीत. जून ते सप्टेंबर टाळा. नारायणगढ–मुग्लिङ हा ३६ किलोमीटरचा पट्टा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. १२ जुलै २०२४ च्या पहाटे याच रस्त्यावर सिमलताल इथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. उन्हाळ्याची सुट्टी जूनपर्यंत लांबवून "पहिल्या पावसात जाऊ" म्हणणाऱ्या गटाने हे आधी वाचावं.

मैत्रिणी-मैत्रिणी एकाच घरात राहू शकतील का?

दोघी राहतील. पाच जणी नाही. होमस्टेची घरं गावची समिती पाळीपाळीने देते, म्हणजे प्रत्येक घराला उत्पन्न मिळतं. घर निवडून मागणं म्हणजे त्या पाळीत पाय घालणं. एका घरात दोन, फार तर तीन मुलं. जास्त झाली की ती आपापसात मराठीतच बोलत बसतात आणि घरच्या आमा (आई) त्यांच्यासाठी नुसत्या स्वयंपाकीण होऊन जातात. बारा-चौदापेक्षा मोठा गट नेऊ नका.

दिवस कसा जातो?

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. आल्याबरोबर ते लावून घ्या. पाचच्या सुमारास घर जागं होतं. आधी चूल, मग चिया म्हणजे चहा. चहाबरोबर मक्याच्या लाह्या किंवा काहीच नाही. मग चारा कापणं, गोठा, पाणी.

पहिलं मोठं जेवण सकाळी नऊ-दहाला, पोटभर डाळभात. दुसरं संध्याकाळी सातच्या सुमारास. मध्ये दुपारी खाजा, म्हणजे चिउरा, उकडलेले बटाटे किंवा मका. (तिकडे चिउरा म्हणजे आपले पोहे. फोडणी दिलेला चिवडा नव्हे.) नागपूरची मुलं सकाळी दहाला "आत्ताच कसं जेवू" म्हणून दोन घास खातात आणि दीड वाजता कासावीस होतात. पहिले दोन दिवस भूक नसली तरी दहाच्या जेवणाला नीट बसा, तिसऱ्या दिवशी पोट स्वतःच वेळ धरतं. वेगळा नाश्ता मागू नका. त्यासाठी चूल दुसऱ्यांदा पेटवावी लागते.

रात्री आठ-साडेआठला घर झोपतं. शनिवार सुट्टीचा.

खाणं कसं असतं? शाकाहारी मुलांचं काय?

भात, काळ्या उडदाची किंवा मसुराची डाळ, एक तरकारी, लोणचं. शाकाहाऱ्याचं काही अडत नाही. कांदा-लसूण आणि बटाटा न खाणाऱ्यांचं मात्र कठीण आहे, त्यांनी आधी कळवावं. तिखट बेताचं असतं. सावजी पचवणाऱ्यांना ते मिळमिळीत वाटेल, पण लोणच्यात टिमूर असेल तर जपून. कोकणातल्या तिरफळाचा हा भाऊबंद जीभ बधिर करतो.

वाढणारी माणसं आग्रह करतात. "पुग्यो" म्हणजे पुरे. हे वाडगं ताटावर वाकायच्या आधी म्हणायचं, भात पडल्यावर नाही. ताटात टाकलेलं आणि उष्टं, तिकडे जुठो, याबाबत घरं कडक असतात. आपल्या ताटातलं दुसऱ्याला देऊ नका, तोंड लावलेली बाटली फिरवू नका. पाणी वरूनच प्या.

ढिंडो घशाखाली उतरत नाही. काय चुकतं?

तुम्ही तो चावता. ढिंडो म्हणजे नाचणीच्या किंवा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. चावला की दातांना चिकटतो. बोटांनी छोटा तुकडा तोडा, गुंद्रुकच्या रश्शात किंवा डाळीत बुडवा आणि तसाच गिळा.

करायला शिकायचा असेल तर घरात सांगा, आमा आनंदाने शिकवतात. एक वाटी पिठाला दोन ते अडीच वाट्या पाणी. पाणी खळखळ उकळल्यावर पीठ चिमटी-चिमटीने सोडायचं, दुसऱ्या हाताने सतत घोटायचं. एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. पिठलं घोटणाऱ्या घरात हे समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच की पिठलं थांबतं तिथे ढिंडो सुरू होतो. गोळा भांड्याच्या कडा सोडेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, सगळा जोर खांद्यातून लावून फिरवावा लागतो. मधेच हात थांबला की तळ धरतो.

गुंद्रुक म्हणजे मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला. एक-दोन दिवस सुकवून, कुटून, भांड्यात हवा राहणार नाही इतका दाबून आठवडाभर आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. मीठ घालत नाहीत.

एक गोंधळ. नेपाळीत "कोदो" म्हणजे नाचणी. गोंदिया-गडचिरोलीकडचं कोदो हे वेगळं धान्य. प्रकल्पाच्या वहीत दोन्ही एकच म्हणून लिहू नका.

मुलांना कोणती कामं करता येतात?

चारा आणणं, मका सोलणं, जातं आणि ढिकी. जातं तिथेही "जाँतो" आणि ढिकी म्हणजे भंडाऱ्याकडे भात सडायची ढेकी. ढिकीवर एकजण पायाने दाबतो आणि दुसरा उखळातलं धान्य हाताने सारतो. नवख्याने फक्त पाय मारावा. हात घालण्याचं काम घरचीच बाई करते. ताल चुकला तर बोटं चेचतात.

डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली. ती खांद्यांवर नसते, नाम्लो नावाच्या पट्ट्याने डोक्यावर तोललेली असते. पट्टा कपाळावर ठेवला की मान मागे ओढली जाते आणि दहा मिनिटांत दुखू लागते. तो केस सुरू होतात त्याच्या थोडा वर, टाळूच्या पुढच्या भागावर हवा. मान सरळ, कंबरेतून किंचित पुढे झुकायचं, पावलं आखूड. सुरुवात आठ-दहा किलोपासून. घरची साठीची बाई तीस किलो घेऊन पुढे निघून गेली तरी तिच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. उतरणीवर वाट देताना स्वतः डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या नाही. हाच नियम खेचरं आली की.

हिंदी चालेल ना?

चालते, आणि तीच पंचाईत आहे. गुरुंग घरांतले बरेच म्हातारे लाहुरे, म्हणजे भारतीय लष्करातल्या गोरखा पलटणींतून निवृत्त झालेले. त्यांची हिंदी आपल्यापेक्षा साफ असते. पण सगळं त्यांच्याशीच बोलाल तर स्वयंपाकघरातल्या बायकांशी बोलणं होणार नाही आणि खरा दिवस तर तिथेच घडतो. लिपी आपलीच असल्याने पाट्या पहिल्या दिवशीच वाचता येतात. गुरुंगांची स्वतःची भाषा वेगळी आहे, ती कानावर पडेल.

संबोधनं नाती लावूनच. मोठा तो दाइ, मोठी ती दिदी, लहान भाइ-बहिनी, घरची बाई आमा. मराठी मुलगा आईला "तू" म्हणतो, ती सवय इथे आवरा. नेपाळीत "तँ" मोठ्यांना म्हटलं तर तो अपमान होतो, "तपाईं" म्हणा. हाकेला ओ "हजुर".

फसवणारे शब्द: "मीठो" म्हणजे चविष्ट. गोड ते "गुलियो", मीठ ते "नुन". भाजी अळणी लागली म्हणून "मीठो" म्हणालात तर आमा खूश होऊन आणखी वाढतील. "पिरो" तिखट, "चर्पी" संडास, "खोला" ओढा. चहा, पाणी, सिगारेट सगळं "खातात".

पैसे कसे न्यायचे?

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत राहतात, म्हणून १०० च्या नोटा न्या आणि भैरहव्यातच बदलून घ्या. यूपीआय मार्च २०२४ पासून नेपाळी दुकानांतल्या क्यूआर कोडवर चालू लागलं, पण त्याच्या भरवशावर गावात जाऊ नका. बेसीशहरनंतर रोखच लागते. किंमत कोणत्या रुपयांत सांगितली हे प्रत्येक वेळी विचारा. "आयसी" म्हणजे भारतीय, "नेरू" म्हणजे नेपाळी.

मोबाईल आणि चार्जिंग?

आपला प्लग बसतो, दाबही तोच, २३० व्होल्ट. वादळात वीज जाते, म्हणून एक पॉवर बँक. रोमिंगपेक्षा नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम स्वस्त पडतं. गटात दोन पुरेत. पालकांना विनंती आहे की रोज व्हिडिओ कॉल मागू नका. एक दिवसाआड शिक्षकाचा एक संदेश हे आधीच ठरवून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल रडवेलं होतं, पाचव्या दिवशी विसरतं. चौथ्या दिवसाच्या फोनवर "परत आणू का" विचारलं की पुढचे सगळे दिवस वाया.

उंचीचा त्रास होईल का?

उंचीचा आजार साधारणपणे २,५०० मीटरच्या वर गाठतो. या गावात श्वास लागतो तो चढामुळे. गुडघे बोलतात ते उतरताना, कारण दगडी पायऱ्या उंच-सखल असतात. जाण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढा-उतरा, पाठीवर पाच किलो घेऊन. तेवढं जमत नसेल तर घरचा जिना. बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत.

पाणी पिण्यासारखं असतं का?

झऱ्याचं म्हणून थेट पिऊ नका, वर गुरं चरतात. या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळी फुटल्यावर तीन मिनिटं उकळू द्या. क्लोरीनची गोळी वापरलीत तर अर्धा तास थांबा. जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पेल्यात कालवून घट्ट प्यायल्याने त्रास वाढतो.

अंघोळ बऱ्याचदा धाऱ्यावर, म्हणजे सार्वजनिक नळावर. मुलींनी एक जुना गाऊन किंवा लुंगी न्यावी. तिथल्या बायकाही तसंच अंघोळ करतात.

पाळीच्या दिवसांत काय करायचं?

पॅड इथूनच न्या, शिवाय घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या. वापरलेले पॅड संडासात टाकू नका आणि चुलीत तर अजिबात नको. चूल घराचं पवित्र स्थान आहे, तिच्यात कोणताच कचरा टाकत नाहीत. पिशवीत भरून शहरापर्यंत परत आणा. शिवाशिव घरागणिक बदलते. गटातल्या शिक्षिकेने दिदीला हळूच विचारून घ्यावं.

रक्सी किंवा रानमध दिला तर?

रक्सी म्हणजे घरी गाळलेली नाचणीची दारू. पाहुण्याला देणं हा मान आहे, नाकारणं अपमान नाही. पेल्यावर तळहात धरून "म खाँदिन", म्हणजे मी घेत नाही, असं म्हणावं. विद्यार्थ्यांसाठी यात दुसरं मत नाही.

मधाची गोष्ट जास्त गंभीर. लमजुंगच्या कड्यांवरून मोठ्या डोंगरी माश्यांचा मध काढतात. वसंतातल्या मधात गुराँसच्या फुलांतलं ग्रेयानोटॉक्सिन असू शकतं. जास्त खाल्ला तर घाम, उलट्या, नाडी मंदावणं, चक्कर. हा मध मुलांनी चाखूही नये.

जळवा?

फक्त पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस, ओल्या गवतात. नखाने आधी निमुळतं टोक सरकवून सोडवा. ओढू नका, जाळू नका. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिची लाळ ते गोठू देत नाही. दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा.

कपडे किती?

एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा तीन थर बरे: आत थर्मल, मधे स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या जवळ जातो आणि घरात हीटर नसतो. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांचे स्वेटरबाजार लागतात, खरेदी तिथे होते. मोज्यांचे चार जोड, टॉर्च, चप्पल. गुडघ्यावरच्या चड्ड्या घरीच.

भेट काय न्यावी? शाळेत शिकवलं तर चालेल?

घरासाठी संत्रा बर्फी न्या. ताजी संत्री नको, सीमेवर फळं अडवतात. गल्लीतल्या मुलांना चॉकलेटं वाटू नका. पुढच्या गटाकडे ती हात पसरतात. आठ दिवसांसाठी शिकवायला जाणं म्हणजे तिथल्या शिक्षकाचा आठवडा मोडणं. शाळेने बोलावलं तर एक तास, तोही कबड्डीचा.

अभ्यासासाठी विषय?

संत्र्यापासूनच सुरुवात करा. तिथल्या सुन्तल्याची आणि आपल्या संत्र्याची जात एकच, मँडरिन. सुन्तला मंसिर-पुसात, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत पिकतो. आपल्याकडे आंबिया आणि मृग असे दोन बहार धरतात, तिथे तसं का नाही हे शेतकऱ्याला विचारा. दुसरा विषय पर्म, म्हणजे आपलं इरजिक: आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. तिसरा खेत आणि बारी. पाण्याखालची ती खेत, घराजवळची कोरडवाहू ती बारी. कुठली घरं कुलूपबंद आहेत आणि त्यांची माणसं कोणत्या देशात गेली, हे मोजलं तर चौथा. फोटो आधी विचारूनच, आणि ड्रोन नको, त्याला परवानगी लागते.

काही झालंच तर?

पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, पर्यटक पोलीस ११४४. रुग्णालय बेसीशहरला, त्यामुळे रात्री जीप कोणाची मिळेल हे पहिल्याच संध्याकाळी समितीला विचारून चालकाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक मुलाचा रक्तगट, चालू औषधं आणि पालकांचं संमतिपत्र शिक्षकाकडे कागदावर हवं, मोबाईलमध्ये नव्हे. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी खाली उतरा. "उद्या बघू" इथे चालत नाही.